“हे खरे आहे काय?” : दवाखान्याच्या कुलपापासून विधानसभेच्या प्रश्नापर्यंत

आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक्स-रेच्या खोलीला कुलूप असायचं. खिडकीच्या फटीतून आत पाहिलं की यंत्र दिसायचं, त्यावर ऑपरेशन थिएटरमधलं हिरवं कापड टाकलेलं. यंत्र बिघडलेलं नव्हतं. ते चालवणारा तंत्रज्ञ बदलून गेला होता आणि त्याच्या जागी कोणी आलं नव्हतं. ऊसतोडीत हात मोडलेला माणूस तिथून चिठ्ठी घेऊन बाहेरच्या खासगी सेंटरवर जायचा आणि दोन दिवसांची मजुरी तिथे मोजायचा. बाकावर बसलेली माणसं म्हणायची, “सरकारी दवाखाना आहे, चालायचंच.”

हे ‘चालायचंच’ मला पटत नाही. त्या कुलपाचा जाब विचारण्याची जागा आपल्या राज्यघटनेने ठरवून दिली आहे. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालयं आणि दवाखाने हा सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीचा विषय आहे, म्हणजे पहिली जबाबदारी मुंबईची, दिल्लीची नंतर. आणि अनुच्छेद १६४ सांगतो की राज्याचं मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे. २८८ आमदारांपैकी कुणीही उठून मंत्र्याला विचारू शकतो की कुलूप का आहे. हे विचारणं नेमकं कसं चालतं, उत्तर कसं वाचायचं आणि पैशांचा हिशेब त्यात कुठे येतो, ते इथे सांगते.

अधिवेशनं वर्षात साधारण तीन असतात. मार्चमधलं अर्थसंकल्पी आणि जून-जुलैमधलं पावसाळी मुंबईत, डिसेंबरमधलं हिवाळी नागपुरात. कामकाजाचा पहिला तास प्रश्नोत्तरांचा. आमदाराला तोंडी उत्तर हवं असेल तर तो प्रश्नावर तारा लावतो, म्हणून ‘तारांकित प्रश्न’. लेखी उत्तर पुरणार असेल तर ‘अतारांकित’. प्रत्येक दिवशी ठरावीक खात्यांचेच प्रश्न येतात, आणि यादी छापून सदस्यांच्या हातात पडते.

ही यादी एकदा तरी वाचून पाहा. तिची भाषा वर्षानुवर्षं तीच आहे. “सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय” अशी सुरुवात. मग भाग पहिला: अमुक रुग्णालयात अमुक पद रिक्त असल्याने रुग्णांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय. भाग दुसरा: असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय. मग: चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. आणि शेवट बहुतेक वेळा याच वाक्याने: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

वाचायला हे रुक्ष वाटतं. पण प्रश्न स्वीकारला गेला की पुढे काय घडतं ते बघा. विधानभवनातून तो मंत्रालयात खात्याच्या कक्ष अधिकाऱ्याकडे येतो, तिथून आरोग्य सेवा संचालनालयाकडे, तिथून विभागीय उपसंचालकांकडे, पुढे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि शेवटी त्या रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाच्या टेबलावर. ‘एलएक्यू (विधानसभेचा प्रश्न) आलाय’ एवढं म्हटलं की कार्यालयात सगळे उठून कामाला लागतात, कारण पत्रावर ‘विधानमंडळ कामकाज, अत्यंत तातडीचे’ असं लिहिलेलं असतं आणि माहिती त्याच दिवशी परत हवी असते. तीन वर्षं कुणी न उघडलेली फाईल त्या दुपारी उघडली जाते. तंत्रज्ञ कधी गेला, मागणीपत्र कितीदा पाठवलं, वरून काय उत्तर आलं, हे सगळं कागदावर येतं. प्रश्नाची तोंडी वेळ आली नाही तरी एवढं काम त्याने करून ठेवलेलं असतं. सभागृहात मंत्री उभे राहण्याच्या कितीतरी आधी प्रश्नाने आपलं निम्मं काम केलेलं असतं, आणि नेमकं तेच टीव्हीवर दिसत नाही.

आता उत्तराकडे येऊ. उत्तरही ठरावीक साच्यात येतं, आणि तो साचा कळला की बराच उलगडा होतो.

‘हे खरे आहे’ असं आलं तर सरकारने मान्य केलं. ते आता सभागृहाच्या नोंदीत कायमचं गेलं. ‘हे अंशतः खरे आहे’ असं आलं तर त्यातला कोणता अंश खरा, हे विचारायचं असतं. पद रिक्त आहे पण गैरसोय होत नाही, असा त्याचा अर्थ बऱ्याचदा निघतो, कारण आठवड्यातून एक दिवस शेजारच्या रुग्णालयातला तंत्रज्ञ येतो असं कागदावर असतं. ‘हे खरे नाही’ असं आलं, की खालचे सगळे भाग एका फटक्यात मिटतात: ‘प्रश्न उद्भवत नाही.’ म्हणून पहिला भाग कसा लिहिला आहे यावर सगळा डोलारा उभा असतो. ‘जिल्ह्यातली आरोग्य व्यवस्था कोलमडली आहे, हे खरे आहे काय’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणायला काहीच लागत नाही. ‘अमुक ग्रामीण रुग्णालयात क्ष-किरण तंत्रज्ञाचे एकमेव पद अमुक महिन्यापासून रिक्त आहे, हे खरे आहे काय’ असं विचारलं तर ‘खरे आहे’ म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं. ज्या आमदाराकडे नेमकी माहिती असते त्याचाच प्रश्न टिकतो, आणि ती माहिती बाकावर बसलेल्या माणसाकडे असते.

यानंतर येतात उपप्रश्न. छापील उत्तर झाल्यावर आमदार उभा राहून त्यातून निघणारा पुढचा प्रश्न विचारतो, आणि मंत्र्यांची खरी तयारी इथे दिसते. हा हक्क आयता मिळालेला नाही. १८९२ च्या कायद्याने विधिमंडळातल्या सदस्यांना प्रश्न विचारायची मुभा मिळाली, पण उत्तर ऐकून गप्प बसायचं. त्यावर पुढे विचारता येत नव्हतं. अर्थसंकल्पावर बोलता यायचं, मत देता यायचं नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या कौन्सिलात अर्थसंकल्पावर जे भाषण केलं ते या चौकटीत. सरकार शिलकीचा आनंद मानत होतं. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवलं की दुष्काळाने पिचलेल्या रयतेकडून जास्त कर घेतल्याने ही शिल्लक पडते आहे. उपप्रश्न १९०९ च्या सुधारणांनी आला, तोही फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्यापुरता. १९१९ नंतर तो इतर सदस्यांनाही मिळाला. आज गोंधळात प्रश्नोत्तराचा तास वाहून जातो तेव्हा मला हे आठवतं आणि मनापासून वाईट वाटतं. त्या तासावर पहिला हक्क ज्याच्या गावच्या दवाखान्याला कुलूप आहे त्याचा असतो.

प्रश्न कोणाला विचारायचा, हीच एक मोठी गुंतागुंत आहे. आपल्याला वाटतं, दवाखाना म्हणजे आरोग्यमंत्री. तसं नाही.

जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली. जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं, म्हणून जाब आरोग्यमंत्र्यांना. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. ते रुग्णालय ठाणे महापालिकेचं, म्हणून सभागृहात विषय जातो नगरविकास विभागाकडे. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत नांदेडच्या शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यातली १२ नवजात बाळं. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. हे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं, त्याचे मंत्री वेगळे. तिन्ही ठिकाणी मेलेल्या माणसाच्या घरच्यांना हा फरक कळण्याचं कारण नाही, पण उत्तर देणारं खातं तीन ठिकाणी तीन निघतं. प्राथमिक आरोग्य केंद्र असेल तर मध्ये जिल्हा परिषद येते. औषधाच्या दर्जाची तक्रार असेल तर अन्न व औषध प्रशासन. चुकीच्या खात्याला प्रश्न गेला की तो ‘हस्तांतरित’ होतो, आणि हस्तांतरात तारीख निघून जाऊ शकते.

या भिंतीचा रुग्णाला रोजचा त्रासही होतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत झालं. निर्णय चांगला होता. पण तो वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना लागू नव्हता, कारण खातं वेगळं. ग्रामीण रुग्णालयात फुकट तपासलेली बाई पुढे मेडिकल कॉलेजला पाठवली गेली की तिथे खिडकीवर पैसे भरायला उभी. अशा वेळी दोन मंत्र्यांना एकाच दिवशी एकच प्रश्न विचारणारा आमदार हवा.

आता पैशांकडे. या भागात थोडं थांबून समजून घ्यावं लागतं, कारण ‘निधी कमी पडू देणार नाही’ हे वाक्य सभागृहात जितक्या वेळा उच्चारलं जातं तितकं दुसरं कुठलं क्वचितच.

पैसा तीन पायऱ्या उतरून दवाखान्यात पोहोचतो. पहिली पायरी तरतूद: अर्थसंकल्पात आकडा छापला जातो. दुसरी वितरण: वित्त विभाग त्यातला काही भाग प्रत्यक्ष खर्चासाठी मोकळा करतो. महाराष्ट्रात हे ‘बीम्स’ नावाच्या संगणक प्रणालीवर चालतं, म्हणून कुठल्याही सरकारी कार्यालयात ‘पैसे बीम्सवर आले का?’ हाच प्रश्न कानावर पडतो. तिसरी पायरी खर्च. तरतूद १०० रुपये असेल, बीम्सवर ६० आले आणि मार्चअखेर ४५ खर्च झाले, तर भाषणात १०० चा आकडा येतो आणि फार्मसीच्या खिडकीवर ४५ चा परिणाम दिसतो. (हे आकडे समजावण्यापुरते आहेत.) म्हणून चांगला प्रश्न तिन्ही आकडे एकत्र मागतो. ‘तरतूद किती’ एवढंच विचारणं म्हणजे मंत्र्याला सोपा चेंडू टाकणं.

खर्च झाला म्हणजे वस्तू आली, असंही नाही. औषधखरेदीचं उदाहरण घ्या. २०१७ मध्ये सरकारी रुग्णालयांची औषधखरेदी हाफकिन या राज्य सरकारच्या औषधनिर्मिती महामंडळाकडे एकवटली. खात्याने पैसे खरेदी करणाऱ्या संस्थेकडे वर्ग केले की खात्याच्या हिशेबी ते गेले. गोळ्यांचं खोकं मात्र तालुक्याला पोहोचलेलं नसतं. या दिरंगाईवर सभागृहात वारंवार आवाज उठला, आणि २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण उभं करण्यात आलं. ‘किती खर्च झाला’ यापुढे ‘किती माल कोणत्या तारखेला आला’ हा प्रश्न का विचारायचा, ते यावरून लक्षात येईल.

आणखी एक शब्द ओळखीचा करून घ्या: लेखाशीर्ष. सरकारच्या हिशेबात प्रत्येक कामाला क्रमांक असतो. वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्याचा महसुली, म्हणजे पगार-औषधांसारखा रोजचा, खर्च २२१० या मुख्य शीर्षाखाली आणि इमारती, यंत्रं असा भांडवली खर्च ४२१० खाली. आमच्या एक्स-रेच्या खोलीची गोष्ट या दोन क्रमांकांत मावते. यंत्र भांडवली खर्चातून आलं, त्याचं उद्घाटन झालं, फोटो निघाले. तंत्रज्ञाचा पगार महसुली खर्चातला, आणि त्यासाठी आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्यात, पद हवं, वित्त विभागाची मान्यता हवी, भरती व्हायला हवी. इमारत बांधून तयार आणि पदमान्यता नाही, ३० खाटांच्या रुग्णालयाचं ५० खाटांत श्रेणीवर्धन झालेलं आणि परिचारिका तेवढ्याच, असं चित्र राज्यात जागोजागी दिसतं. त्याचं मूळ असं दोन शीर्षांच्या मधल्या फटीत असतं.

ही फट का बुजत नाही, ते एकूण तिजोरीकडे पाहिलं की उमगतं. १० मार्च २०२५ रोजी मांडलेला राज्याचा अर्थसंकल्प ७ लाख २० कोटी रुपयांचा होता आणि त्यात महसुली तूट ४५,८९१ कोटींची. महसुली तूट म्हणजे रोजच्या खर्चालाच मिळकत पुरत नाही, उसनवारी करावी लागते. पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचं व्याज टाळता येत नाही. मग हात आखडतो तो औषधं, दुरुस्ती आणि नवीन पदं यांच्यावर. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्ये राज्यांना सांगितलं होतं की २०२० पर्यंत अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून जास्त खर्च आरोग्यावर करा. महाराष्ट्र त्याच्या बराच खाली राहिला. हा प्रश्न आरोग्यमंत्र्यांइतकाच अर्थमंत्र्यांना विचारायला हवा, आणि तो कमी वेळा विचारला जातो अशी माझी तक्रार आहे.

पुरवणी मागण्यांवरही नजर हवी. वर्षाच्या मध्ये सरकार म्हणतं, आधी मागितलेले पुरले नाहीत, आणखी द्या. २०२४ मध्ये अर्थसंकल्प जूनच्या अखेरीस मांडला गेला आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. सर्वात मोठा वाटा लाडकी बहीण योजनेसाठी महिला व बालविकास विभागाला गेला. जून २०२५ च्या अखेरीस पुन्हा ५७,५०९ कोटी. योजना बरी की वाईट हा वेगळा वाद. पण पैसा कुठे आधी जातो, हे पुरवणी मागण्यांच्या पुस्तिकेइतकं उघडपणे दुसरीकडे कुठेच दिसत नाही. आरोग्याचं पान उघडून त्यात पदांसाठी काय आहे, हे आमदाराने पाहायला हवं.

प्रत्येक खात्याची खर्चाची मागणी विधानसभेने मंजूर करावी लागते. विधान परिषदेत चर्चा होते, मागण्यांवर मतदान होत नाही. आमदार कपात सूचना देऊ शकतो, म्हणजे ‘या मागणीत शंभर रुपयांनी कपात करावी’. शंभर रुपये वाचवायचा हेतू त्यात नसतो. त्या निमित्ताने एका विशिष्ट रुग्णालयाची व्यथा नोंदवायची असते. मात्र वेळ संपली की चर्चा न झालेल्या मागण्या शेवटी एकगठ्ठा मंजूर होतात. हजारो कोटी रुपये ‘होय’च्या एका आवाजात पार पडताना पाहिलं की पोटात कसंतरी होतं.

बाकीची आयुधं थोडक्यात. तातडीचा विषय असेल तर लक्षवेधी सूचना. मोठी चर्चा हवी असेल तर विधानसभेत नियम २९३, परिषदेत नियम २६०. मंत्री सभागृहात ‘तीन महिन्यांत पदं भरू’ म्हणाले की ते आश्वासन ठरतं आणि त्याचा पाठपुरावा आश्वासन समिती करते. झालेल्या खर्चाची तपासणी कॅग (नियंत्रक व महालेखापरीक्षक) करतं, आणि तो अहवाल लोकलेखा समितीपुढे जातो. संकेत असा की तिचा अध्यक्ष विरोधी पक्षाचा. राज्याच्या आरोग्य सेवेवरचा कॅगचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात मांडला गेला. डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञांची रिक्त पदं, औषधखरेदीतली दिरंगाई, अर्धवट बांधकामं, सगळं त्यात आहे. पण तो २०१६-१७ ते २०२१-२२ या वर्षांबद्दल बोलतो. लेखापरीक्षण खोल जातं आणि उशिरा येतं. आज बंद असलेल्या खोलीसाठी आजच विचारता येणारी वाट म्हणजे तारांकित प्रश्न.

त्यात तुमचा-आमचा हात कुठे लागतो? आमदाराच्या कार्यालयात निवेदनांचा ढीग असतो, ‘आरोग्य सुविधा सुधाराव्यात’ अशा मजकुराचा. त्यावर प्रश्न करता येत नाही. त्याऐवजी एक पान द्या. रुग्णालयाचं पूर्ण नाव आणि ते कोणत्या खात्याचं, मंजूर पदं किती व भरलेली किती, कोणतं यंत्र कधीपासून बंद, गेल्या महिन्यात किती रुग्ण बाहेर पाठवले. यातलं बरंच माहितीच्या अधिकारात मिळतं, काही तिथल्या फलकावरच लिहिलेलं असतं. हे पान अधिवेशनाच्या दोन महिने आधी द्या, कारण प्रश्न स्वीकारण्याची मुदत अधिवेशन सुरू होण्याच्या बरीच आधी संपते.

आमच्या तालुक्यात काही शिक्षक आणि एका निवृत्त परिचारिकेने असंच पान तयार केलं होतं. परिचारिकाबाईंनी वहीत तारखेनिशी लिहून ठेवलं होतं, कोणत्या दिवशी किती जणांना एक्स-रेसाठी बाहेर जावं लागलं. प्रश्न यादीत आला, पण तोंडी उत्तराची वेळ त्याच्यापर्यंत पोहोचली नाही. लेखी उत्तर पटलावर ठेवलं गेलं. पहिल्या भागाला दोनच शब्द होते: ‘होय, खरे.’ खाली, पद भरण्याची कार्यवाही सुरू असल्याचं लिहिलं होतं. बाईंनी त्या उत्तराची प्रत वहीत चिकटवली, प्रश्नाचा क्रमांक वर लाल पेनाने लिहिला आणि पुढच्या अधिवेशनासाठी आमदारांना दुसरं पत्र पाठवलं: ‘उक्त प्रश्नाच्या उत्तरात नमूद केलेली कार्यवाही पूर्ण झाली आहे काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’